दोन मिलिमीटरचा बोभाटा

उभ्याउभ्या पँट घालता येणं ही ऐश आहे. एक पाय उचलला की धडाचा सगळा भार एकाच बाजूच्या सॅक्रोइलिॲक सांध्यावर येतो. तो सांधा रुसलेला असेल तर पँट गुडघ्याशी थांबते आणि आपण भिंत धरून देवाचं नाव घेतो. अशा दिवसांत खुशाल बसून पँट घालावी, लाज वाटून घेऊ नये.

माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि दोन्हीकडची खुब्याची पाती जिथे जुळतात, तिथे डावीउजवीकडे हे सांधे असतात. त्यांची हालचाल जेमतेम दोन ते चार अंश वळण आणि एकदोन मिलिमीटर सरकणं. एवढंच काम करून इतका बोभाटा करणाऱ्या कारकुनाला कुणीही घरी पाठवलं असतं. पण वरचा सगळा बोजा पायांकडे पोचवणारा हाच, म्हणून मनधरणीशिवाय इलाज नाही.

आपण ‘आई गं’ म्हणायचा अवकाश, भोवतालचे सगळे एकमुखाने ‘सायटिका!’ म्हणतात. माझा भरवसा मात्र पेशंटच्या बोटावर. कमरेचं दुखणं दाखवताना बहुतेक लोक अख्खा तळवा फिरवतात. या सांध्याचा पेशंट पाठीच्या तळाशी असलेल्या खळीच्या किंचित खाली आणि आत, नेमकं एक बोट टेकवतो. कळ नितंबात, जांघेत, मांडीच्या मागे जाते आणि बहुधा गुडघ्याच्या वरच थांबते.

पुढची तपासणी म्हणजे ज्या दुखण्यासाठी आलो तेच मुद्दाम उकरून काढणं. उताणं झोपवून खुब्याची हाडं बाहेर दाबायची, कुशीवर वळवून वरून दाबायचं, मांडी काटकोनात उभी करून तिच्यातून खाली रेटायचं, पालथं घालून त्या त्रिकोणी हाडावर भार द्यायचा, शेवटी एक गुडघा छातीशी आणि दुसरा पाय टेबलाखाली लोंबता. पाचांपैकी तीन चाचण्यांत कळ उठली तर संशय पक्का होत जातो. ‘दुखलं’ एवढं उत्तर पुरत नाही, इतक्या जोरात दाबल्यावर कुणालाही दुखेल. नेहमीचंच दुखणं जागं झालं का, ते सांगायचं.

एक्स-रे आणि एमआरआय बहुतेकदा नॉर्मल येतात, आणि पेशंटचा चेहरा नापास झाल्यासारखा पडतो. पण वय पंचेचाळिशीच्या आत, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त, पहाटे दुखण्याने जाग आणि विश्रांतीपेक्षा हालचालीने आराम, असं तीन महिने चाललं असेल तर तो सूज आणणारा संधिवात असू शकतो. तिथे एमआरआय आणि रक्ततपासणी हवीच. ताप, पायातली ताकद जाणं, बैठकीची जागा बधिर होणं, लघवी अडणं यांपैकी काही असेल तर लेख इथेच सोडून दवाखाना गाठा.

‘सांधा सरकलाय, बसवून देतो’ म्हणणारे भेटतातच. कटकन आवाज येतो, घटकाभर बरंही वाटतं. पण सरकलेलं काही नसतं, त्यामुळे बसलेलंही काही नसतं.

या सांध्याला आधार द्यायला बांधायचा पट्टा हमखास चुकतो. लोक तो बेंबीवर बांधतात आणि मग पट्ट्यालाच नावं ठेवतात. तो पुढच्या टोकदार हाडांच्या खाली, मांडीच्या बाहेरच्या उंचवट्याच्या लगेच वर हवा, उभं राहताना आणि चालताना. झोपताना तो काढून कुशीवर वळा आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्या. गाडीत आधी बसा, मग दोन्ही पाय एकदम आत. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दोन दिवसांपलीकडे अंथरूण धरू नका, स्नायू ढिले पडतात. वेदनाशामक गोळी जेवणानंतरच, आणि किडनी, रक्तदाब किंवा पित्ताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

खरा इलाज कंटाळवाणा आहे. उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. टाचा नितंबांपासून लांब राहिल्या तर मांडीच्या मागे गोळा येतो. पाठ कमानीसारखी वाकली तर नितंबांऐवजी पाठच राबते. मग कुशीवर पडून, पावलं जुळवून वरचा गुडघा उघडायचा. इथे खुबा गुपचूप मागे कलंडतो आणि गुडघा फार वर गेल्याचं समाधान फुकट मिळतं. म्हणून पाठ भिंतीला टेकवून करा. सहा ते आठ आठवडे हेच.

तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं की व्यायाम सुटतो. प्रामाणिकपणे करूनही फरक पडला नाही, तर यंत्राच्या पडद्यावर सुईची जागा बघत सांध्यात भुलीचं इंजेक्शन देतात. त्याने निदानाचीही खात्री होते. ‘प्रामाणिकपणे केला ना?’ असं विचारून फिजिओथेरपिस्ट आपल्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहतात.