रायलँड्सच्या तलावापाशी मी थांबले

इंजिनिअरिंग करून लॉला गेले हे कळलं की लोक एकच विचारतात, "मग ती चार वर्षं वाया गेली ना?" पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत मी यावर गप्प राहिले, कारण माझंच मला कळत नव्हतं. आता सांगते.

सुरुवातीचे दोन महिने फार जड गेले. सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये गणित सुटलं की उत्तराखाली रेघ मारायची, एकक लिहायचं आणि पुढे जायचं. इथे करारावरच्या पहिल्याच प्रश्नाला मी चार ओळींत उत्तर लिहिलं. वही परत आली तेव्हा मॅडमनी बाजूला लिहिलं होतं, "दुसऱ्या पक्षाचं काय?" निष्कर्ष बरोबर होता, तरी मार्क गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

निकालपत्रं वाचायला घेतली की प्रत्येक ओळ महत्त्वाची वाटायची, सगळं पान हायलायटरने पिवळं व्हायचं. रेशो म्हणजे निकाल ज्या तत्त्वावर उभा असतो ते, आणि ओबिटर म्हणजे न्यायाधीश जाता जाता बोलून गेलेलं, ही व्याख्या पाठ होती, पण पानावर वेगळं काढता येत नव्हतं. मग एक दिवस वाटलं, हे तर मला येतं! इमारतीत भार घेणारी भिंत कुठली आणि नुसती आडभिंत कुठली, हे आपण नकाशावर ओळखतोच. हे वाक्य काढून टाकलं तर निकाल कोसळेल का, एवढंच स्वतःला विचारायचं. तेव्हापासून वाचन सुसह्य झालं.

एकटेपणा मात्र बराच काळ राहिला. इंजिनिअरिंगला चौघांनी मिळून डंपी लेव्हल (उंचसखलपणा मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (मोजपट्टीची काठी) घेऊन उन्हात सर्व्हे केला की मैत्री आपोआप व्हायची. इथे जो तो लायब्ररीत आपापलं पुस्तक घेऊन बसलेला. वर्गात कॉमर्सचे आहेत, पत्रकारिता सोडून आलेली एक ताई आहे, नोकरीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. मला माणसं सापडली ती मूट कोर्टच्या, म्हणजे काल्पनिक खटला लढवायच्या सरावाच्या, तयारीत. माझी पार्टनर इतिहासाची पदवीधर. ती कालक्रम लावते, मी कारणं शोधते.

आणि मग टॉर्ट्सच्या, म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याचं नुकसान केल्यास भरपाई द्यायला लावणाऱ्या कायद्याच्या, तासाला रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा खटला आला. इंग्लंडमधल्या एका गिरणीमालकाने तलाव बांधून घेतला. काम इंजिनिअर आणि कंत्राटदारांकडे होतं. खोदताना त्यांना जुन्या खाणीची मातीने भरलेली विवरं लागली. ती नीट बंद न करताच काम पुढे गेलं. १८६० मध्ये तलाव भरताना पाणी त्या विवरांतून शेजारच्या खाणीत घुसलं. मालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा नव्हता, तरी १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) जबाबदार धरलं ते त्यालाच. धोक्याची वस्तू आपल्या जमिनीवर आणली आणि ती बाहेर पडून नुकसान झालं, तर भरपाई आणणाऱ्यानेच करायची.

वर्ग पुढच्या खटल्याकडे गेला, मी त्या विवरांपाशीच राहिले. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट साठवण तलावाच्या बांधावर होता. पायाखालची जमीन तपासा, हे आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. नाही तपासली तर पाणी कुणाच्या घरात शिरतं आणि भरपाई कोण करतं, हे चार वर्षांत एकदाही कुणी बोललं नाही. याचा मला मनापासून राग येतो. फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे बांधकामात गरजेपेक्षा किती जास्त ताकद ठेवायची ते, शिकवताना असा एक खटला शिकवायला किती वेळ लागेल? एक तास.

उलट बाजूही सांगते. १९४७ च्या अमेरिकेतल्या कॅरोल टोइंग खटल्यात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी निष्काळजीपणा चक्क बीजगणितात मांडला: खबरदारीचा भार हा अपघाताची शक्यता गुणिले नुकसान यापेक्षा कमी असेल आणि तरीही खबरदारी घेतली नसेल, तर दोष तुमचा. सूत्र पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं. पण त्या सूत्रात घालायला निकालात आकडा एकही नाही. बार्ज (सपाट मालवाहू बोट) सुटून बुडाली होती, तिच्यावरचा माणूस एकवीस तास जागेवर नव्हता, दिवस छोटे होते, बंदरात गर्दी होती, एवढ्यावरून कोर्टाने ठरवलं की त्याने कामाच्या वेळात तिथे असायला हवं होतं. माणसाच्या वागण्याची शक्यता दशांशात मिळत नाही, हे मला तिथे पटलं. चार ओळींचं उत्तर लिहिण्याची सवय त्या दिवशी सुटली.

पुढच्या महिन्यात आमचं पहिलं मूट आहे. प्रश्नात एक संरक्षक भिंत कोसळलेली आहे. तथ्यांमध्ये एका ओळीत लिहिलंय की भिंतीमागे पाणी साचलं होतं. पार्टनर ती ओळ ओलांडून पुढे गेली होती. मी वहीत भिंतीचा छेद काढून वीप होल्स (पाणी बाहेर जायला ठेवलेली भोकं) कुठे असतात ते दाखवलं, पाण्याचा दाब कसा वाढत जातो ते दाखवलं. ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "आपला पहिला मुद्दा हाच." काल रात्री आम्ही मेमोरियल, म्हणजे मूटसाठीचा लेखी युक्तिवाद, तिथून लिहायला घेतलं.