दोन्ही काका, जरा बाजूला

"काका, जरा बाजूला व्हा. ज्यांना टीव्ही घ्यायचाय त्यांना दिसू द्या."

हे मला उद्देशून होतं. बोलणारा विक्रेता गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, मिशी नुकतीच फुटलेला. आणि ज्यांना टीव्ही घ्यायचा होता ते कोण, तर माझी बायको, माझे वडील आणि माझे चौदा वर्षांचे चिरंजीव. कार्ड माझ्या खिशात होतं, त्याचा पिन फक्त मला पाठ होता, आणि तरी मी मुकाट्याने बाजूला झालो. चार दिवस झाले. तो म्हणाला याचं एवढं काही नाही, पण मी झालो ना बाजूला, ते अजून गिळवत नाही.

जुन्या टीव्हीच्या उजव्या अंगाला उभी काळी पट्टी आली होती. बातम्या देणारी बाई अर्धीच दिसायची. नवा घ्यायचं ठरलं, यापलीकडे पार्श्वभूमी नाही.

मी काही कोरी पाटी घेऊन दुकानात गेलो नव्हतो. दोन महिने रोज रात्री, सगळे झोपल्यावर, मी टीव्हीचा अभ्यास करत होतो. एवढा अभ्यास शाळेत केला असता तर आज विक्रेत्याने मला 'सर' म्हटलं असतं. घरच्यांच्या मागण्याही लिहून घेतल्या होत्या. अण्णांना, म्हणजे वडिलांना, बातम्यांखाली सरकणारी पट्टी चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे. बायकोला माणसं काय बोलतात ते ऐकू आलं पाहिजे आणि वायरी दिसता कामा नयेत. चिरंजीव म्हणाले, "फोर के, १२० हर्ट्झ, व्हीआरआर आणि एचडीएमआय २.१." एका दमात, न अडखळता. म्हणजे गेम खेळण्यासाठी दाट ठिपके, सेकंदाला १२० चित्रं, गेमच्या तालावर बदलणारा चित्रांचा वेग, आणि हे सगळं पेलणारं वायर लावायचं नवं भोक. हाच मुलगा सतराच्या पाढ्याला सतरा सक्कं झालं की पाणी मागतो.

माझी मागणी कोणी विचारली नाही, ते असो.

पहिला घोळ ओएलईडी नावाच्या पडद्याचा. त्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि काळं दाखवायचं असेल तेव्हा चक्क विझतो, त्यामुळे काळा रंग असा मिळतो की विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटावं. माझा जीव त्याच्यावर जडला होता. पण एकच आकृती रोज तासन्‌तास त्याच जागी राहिली तर तिचा वण पडद्यावर कायमचा बसू शकतो. आणि अण्णा सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत एकच वाहिनी लावून बसतात. काही वर्षांनी आमच्या पडद्यावर 'ताजी बातमी' ही अक्षरं कोरली गेली असती आणि मुलाचा ड्रॅगन त्या शिळ्या ताज्या बातमीवर आग ओकत बसला असता. ओएलईडी बाद.

मग क्यूएलईडी. मला पहिले पंधरा दिवस वाटत होतं की हा त्याच घराण्यातला, फक्त इंग्रजी 'ओ'ला शेपूट फुटलंय. तसं वाटावं म्हणूनच ते नाव ठेवलंय की काय, अशी मला दाट शंका आहे. प्रत्यक्षात तो आपला एलसीडीच, मागून दिव्यांचा उजेड, मध्ये रंग खुलवणारा एक थर. वाईट नाही. पण जातीचा दाखला वेगळा आहे आणि हे पाटीवर कुठेही लिहिलेलं नसतं.

एवढी तयारी करून मी त्या विक्रेत्याला माझा ठेवणीतला प्रश्न टाकला. "याचा इनपुट लॅग किती?"

म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत किती वेळ जातो. सेकंदाला ६० चित्रं धरली तर एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं. गेम मोड नसेल तर टीव्ही चित्र नटवण्यात एवढा रमतो की शंभर मिलिसेकंदही जाऊ शकतात, म्हणजे सहा चित्रं. तेवढ्यात चिरंजीवांचा गेममधला शिपाई मरून पडतो आणि कन्सोलचा रिमोट सोफ्यावर आपटला जातो. सोफाही मीच घेतलेला आहे.

विक्रेता क्षणभर विचारात पडला. मग चेहरा उजळला. "सर, इनपुट सगळे आहेत. लॅगपण मिळेल."

हा एवढाच 'सर' माझ्या वाट्याला आला. मी पुन्हा समजावू लागलो तेव्हा त्याने चिरंजीवांकडे बघितलं, चिरंजीवांनी त्याच्याकडे बघून 'सोडा ना' अशी मान हलवली, आणि मग ते 'काका, जरा बाजूला' घडलं.

बाजूला एक स्टूल होतं आणि स्टुलावर एक गृहस्थ. साठीचे असावेत. मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत मिक्सरच्या भांड्याचं झाकण. चुकीच्या मापाचं आलं म्हणून बदलून घ्यायला आले होते आणि आतून कोणी तरी 'बघतो' म्हणून गेलं होतं, ते बघतच होतं. त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बंद करून बघितलात का?"

"काय?"

"टीव्ही. बंद करून बघितलात का?"

मी म्हणालो, चालू बघायला आलोय. ते हसले. लहान मुलाच्या उत्तराला मोठी माणसं हसतात तसे.

"दिवसाचे तास किती?"

"चोवीस."

"तुमच्याकडे टीव्ही चालू किती तास?"

खोटं कशाला बोला. म्हटलं, "वडील असतात. पंधरा तास धरा."

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. बहुधा चार-पाच तास ऐकायची सवय असावी. पण माणूस डगमगला नाही. "मग नऊ तास बंद ना? त्या नऊ तासांचं काय?"

याला माझ्या दोन महिन्यांच्या अभ्यासात उत्तर नव्हतं.

गृहस्थ उठले. झाकण पिशवीसकट काखेत मारलं आणि विक्रेत्याच्या एका सहकाऱ्याला हाक मारून म्हणाले, "हा बंद कर." का कोण जाणे, त्याने केला. काही माणसांच्या आवाजात ती जरब असते. माझ्या नाही. भिंतीवर वीसेक टीव्ही लावलेले, सगळ्यांवर एकच पोपट, जगात कुठल्याही पोपटाचा नसेल असल्या भडक हिरव्या रंगात पंख फडकवत होता. त्यातला एक पोपट विझला. जागी काळी काच, काचेत छतावरच्या दिव्यांच्या रांगा, आणि दिव्यांखाली आम्ही दोघं.

"दिसताय का तुम्ही?"

"दिसतोय."

"मग नको. ज्या टीव्हीत आपण दिसतो तो घ्यायचा नाही."

दुसरा पोपट विझला. "इथे तुम्ही पुसट. बरे दिसताय." तिसरा. "इथे नाक दिसतंय, बाकी नाही." चौथ्यात माझी टक्कल पडू घातलेली जागा दिव्याखाली नेमकी लखलखली. ते काहीच बोलले नाहीत, नुसते हळहळल्यासारखे पुढे सरकले. त्यांच्या घरचा टीव्ही खिडकीसमोर आहे. "सहा वर्षं झाली," ते म्हणाले, "सिनेमातलं रात्रीचं दृश्य लागलं की मला पडद्यात समोरची गॅलरी दिसते. खुनी कोण ते कळत नाही, पण समोरच्यांनी काय वाळत घातलंय ते कळतं."

सातव्या टीव्हीपाशी ते चक्क गुडघ्यावर बसले. मला वाटलं चक्कर आली. पण ते टीव्हीचे पाय बघत होते. एकदा डावा, एकदा उजवा, आणि मधल्या अंतरात त्यांनी आपली वीत टाकून मोजली.

"पाय पार टोकांना आहेत. तुमचं टेबल केवढं?"

आता माझा संयम संपत आला होता. तिकडे माझं कुटुंब परस्पर निर्णयाला पोचलेलं दिसत होतं आणि मी इकडे मिक्सरच्या झाकणवाल्या माणसाबरोबर पोपट विझवत फिरत होतो. "मावेल," मी म्हणालो.

"किती सेंटीमीटर?"

"मावेल हो."

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं, गुडघे झटकले आणि स्टुलावर जाऊन बसले. तेवढ्यात आतून झाकण आलं. त्यांनी पिशवीतलं काढून शेजारी धरून पाहिलं. तेही चुकीच्या मापाचं होतं.

मी पोचलो तेव्हा चर्चा आठ के पर्यंत गेली होती. विक्रेता सांगत होता, फोर केमध्ये ८३ लाख ठिपके, आठ केमध्ये तीन कोटी ३२ लाख. अण्णांना आकडे फार आवडतात. मी म्हटलं, आपला सोफा दहा फुटांवर. ५५ इंची पडद्यावर साध्या १०८०पीचे, म्हणजे फोर केच्या चौथाईच, ठिपकेसुद्धा सात फुटांपलीकडून चांगल्या डोळ्यालाही सुटे दिसत नाहीत. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. तीन कोटी ठिपके कोण बघणार? अण्णा म्हणाले, "असू देत ना, आपल्याकडे आहेत हे माहीत असलं की झालं." कसंबसं त्यांना फोर केवर उतरवलं.

मग सिनेमाचा एक तुकडा लावला. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, आणि हे नवे टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने रंगवून घुसडतात. सगळं तुपासारखं घरंगळायला लागतं आणि भला मोठा युद्धपट दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. टॉम क्रूझने २०१८च्या डिसेंबरात खास व्हिडिओ करून लोकांना विनवलं होतं की बाबांनो, ही सोय बंद करा. मी हेही सांगितलं. अण्णा म्हणाले, "पण किती छान दिसतंय, अगदी दारात उभं राहून बघितल्यासारखं." विमानाला लटकणाऱ्या माणसाचं ऐकलं नाही, तर रिक्षातही दांडी धरून बसणाऱ्या माझं काय ऐकणार.

इथपर्यंत ठीक होतं. पुढचं मात्र मला हसून सांगता येत नाही.

टीव्हीला एचडीएमआयची चार भोकं. खोक्यावर ठळक '२.१'. नीट वाचलं तर चारांपैकी दोनच तसली, म्हणजे फोर के आणि १२० हर्ट्झ एकत्र पेलणारी. बाकी दोन जुन्या ताकदीची. बरं, पडदा एवढा पातळ केलाय की आवाजाला जागाच नाही, स्पीकरची तोंडं जमिनीकडे. टीव्ही सगळे संवाद टेबलाच्या कानात सांगतो. म्हणून बायकोच्या मागणीसाठी साउंडबार, म्हणजे वेगळा लांबट स्पीकर, आला. तो लावायचा ईएआरसी लिहिलेल्या, टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या भोकात, आणि ते भोक त्या दोन चांगल्यांपैकीच एक. उरलं एक. म्हणजे चारच्या गप्पा मारून हातात एक. आणि हे सगळं ज्या अक्षरांत छापलंय ती वाचायला तो ५५ इंची पडदा भिंग म्हणून वापरावा लागेल. शेजारच्या टीव्हीवर 'मोशन २४०' लिहिलं होतं, आत पडदा साधा, सेकंदाला ६० चित्रांचा. हा आकडा कुठून आणला विचारलं तर म्हणे, कंपनी देते. वाण्याने किलोचं वजन लावून पाव किलो दिलं तर आपण तराजू उलथतो. इथे कार्ड काढतो.

मी ते एकदम बोललो. थोडं मोठ्यानेच. बायकोने नुसतं माझं नाव घेतलं, मागे पूर्णविराम होता. विक्रेता म्हणाला, "दोन्ही काकांनी जरा इकडे सरकून घ्या, खोकं बाहेर काढायचंय." गृहस्थ स्टुलासकट सरकले. मी त्यांच्या शेजारी. बिलाच्या खिडकीवर मात्र एकाच काकांना बोलावलं.

आता घर. ५५ इंच हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरकं असतं, हे मला ठाऊक होतं. आडवी रुंदी सुमारे १२२ सेंटीमीटर, तीही ठाऊक होती. आमच्या टेबलाची रुंदी मात्र मी घरी आल्यावर मोजली. ९० सेंटीमीटर. टीव्हीच्या पायांत अंतर १०४. चिरंजीवांनी दोन्ही बाजूंना वह्यांचे गठ्ठे लावून पाहू या असं सुचवलं. निदान वह्यांचा उपयोग झाला असता.

भिंतीवर टांगावा म्हटलं, तर जुन्या टीव्हीची टांगायची पट्टी २०० बाय २०० मिलिमीटरवरच्या भोकांची आणि नव्याच्या पाठीवरची भोकं ३०० मिलिमीटरवर. नवी पट्टी बसवणारा माणूस 'निघालोच' म्हणाला त्याला तीन दिवस झाले. तो कुठून निघालाय हे मी अजून विचारलेलं नाही.

तोवर नवा टीव्ही खोक्यात, हॉलमध्ये भिंतीला टेकून उभा आहे. त्याच्यापुढे त्याच ९० सेंटीमीटरच्या टेबलावर जुना चालू आहे, बातम्या देणारी बाई अर्धीच. अण्णा मान तिरकी करून बघतात, पट्टीच्या पलीकडे उरलेली बाई दिसेल या आशेने. मुलगा माझ्याशी बोलत नाही. बायको बोलते, ते जास्त वाईट आहे.

आणि मी रात्री सोफ्यावर बसून खोक्याकडे बघतो. चोवीसच्या चोवीस तास बंद. पुठ्ठ्यावर तो हिरवा पोपट आहे, छतावरचा दिवा नाही, खिडकी नाही, आणि मी कुठल्याच कोनातून दिसत नाही. त्या गृहस्थांना एकदा आणून दाखवायला हवं.