गैरलाभाचे भाषांतर

इंदूरमध्ये राहून आम्हां चार मराठी घरांनी काढलेल्या मंडळाची नोंदणी मध्य प्रदेशच्या 1973 च्या सोसायटी कायद्याखाली करायचे ठरले, तेव्हा वकिलांच्या हिंदी मसुद्यातला 'गैर-लाभकारी' हा शब्द मराठी फलकासाठी मराठीत आणण्याचे काम, मी निवृत्त आहे आणि माझ्या घरी शब्दकोश आहे एवढ्या पुराव्यावर, माझ्या गळ्यात पडले.

हिंदीतला 'गैर' साधा नकार देऊन मोकळा होतो. मराठीत मात्र तो गैरवर्तन, गैरव्यवहार, गैरफायदा अशा संगतीत वाढलेला (एक 'गैरहजर' काय तो त्यातल्या त्यात सज्जन). शब्द जसाच्या तसा वाचून दाखवताच कोषाध्यक्ष काकूंनी विचारले, ''म्हणजे आता आपण गैरफायदा घ्यायचा, आणि तोही रीतसर नोंदणी करून?''

मी 'विनानफा' सुचवले, तर ते विनाअनुदानित शाळेच्या नात्यातले वाटले. 'बिनफायद्याचे मंडळ' यावर, तसे ते आहेच, असे आमच्या घरातूनच अनुमोदन आले. 'धर्मादाय' म्हटले की लोक दवाखाना शोधत येतील. अखेर 'ना नफा, ना तोटा' यावर एकमत झाले आणि दिवाळीच्या फराळविक्रीत ती पाटी चकल्यांच्या परातीमागे झळकली.

पाटी पाहून वकील हसले. ''भिया, बचत होने दो, बस आपस में बाँटो मत!'' कायद्याला नफ्याचे वावडे नाही, तो सभासदांत वाटण्याचे आहे. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 8 खालील कंपनीलाही नफा होऊ शकतो, फक्त तो लाभांश म्हणून न वाटता संस्थेच्या उद्दिष्टांसाठीच वापरावा लागतो, हे त्यांनी समजावले. म्हणजे खरा शब्द 'ना-वाटप' असा हवा होता. पण तो फराळाच्या टेबलावर लावला असता, तर गिऱ्हाईक परत फिरले असते.

विक्रीअखेर अकराशे चाळीस रुपये शिल्लक राहिले, ते काकूंनी निमूटपणे मंडळाच्या खात्यात भरले. उरलेल्या चकल्या मात्र त्यांनी कार्यकारिणीच्या डब्यांत सारख्या भरून ठेवल्या होत्या. हा सरळसरळ लाभांश आहे, अशी हरकत मी नोंदवली.

''मऊ पडल्यात त्या. तोटाच वाटून घेतोय आपण,'' काकू म्हणाल्या, ''तत्त्व आडवं येत असेल, तर तुमचा डबा इकडे द्या.''

हरकत मी इतिवृत्तात राहू दिली. डबा घरी आणला.