दिवसा गोष्ट सांगू नये

"चिऊताई, चिऊताई, दार उघड!"

हे मी तिसऱ्यांदा, जरा काकुळतीच्या आवाजात म्हटलं आणि दार खरंच उघडलं. समोर झाडू घेतलेल्या मावशी, त्यांच्यामागे जपमाळ हातात धरून सासूबाई. मी कपाटात, साड्यांच्या खाली मांडी घालून, डोक्यावर गोधडी, तोंडापुढे माईक. कुणीच काही बोलेना. शेवटी मावशींनी कपाटाच्या दाराची आतली बाजू नीट निरखली आणि विचारलं, "वहिनी, ह्याला आतून कडी हाय काय?"

पूर्वी कुणी असं वागू लागलं की घरचे म्हणायचे, "हिला एकदा ठाण्याला नेऊन दाखवा." आम्ही मुळातच ठाण्यात राहत असल्यामुळे तीही सोय नाही.

कपाटाची कल्पना माझ्या मुलाची. टांगलेल्या कपड्यांत आवाज घुमत नाही, म्हणे. पन्नाशीनंतर मला लोककथांचा पॉडकास्ट करायची हुक्की आली, तेव्हा वाढदिवसाला माईक त्यानेच दिला. त्याआधीची तीस वर्षं मी फक्त लिहीत होते. बँकेत जाता-येता लेडीज डब्यात कुणी हाकामारीची गोष्ट सांगितली, कुणी गावच्या राखणदाराची, की घरी येऊन वहीत उतरवायची. अशा एकतीस वह्या झाल्या. त्यातलं थोडंफार दिवाळी अंकांत छापून आलं, बाकीचं पलंगाखालच्या ट्रंकेत आहे. पण लिहिण्याचं एक सुख असतं. शेजारच्या रीडेव्हलपमेंटमध्ये दिवसभर ब्रेकर घरघरत असला तरी कागदावर त्याचा आवाज उमटत नाही.

माईक मात्र चुगलखोर. त्याला समोरच्या इमारतीतला तिसऱ्या शिट्टीचा कुकर ऐकू येतो. भंगारवाल्याची हाक आधी खालून, मग कोपऱ्यावरून, मग पुन्हा खालून ऐकू येते. नौपाड्यातून स्टेशन जवळ, ही घर घेताना आम्ही सगळ्यांना फुशारकीने सांगितलेली गोष्ट. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली रेल्वेगाडी दुसरीकडे कुठे जायची सोडून ठाण्यालाच आली. तेव्हापासून ती भोंगा वाजवतेच आहे, आणि तोही नेमका राजाची धाकटी राणी रानात एकटी सापडते तेव्हा.

मग रात्री दोनला उठून पाहिलं. शांतता उत्तम होती, पण गोष्टीत राक्षस होता आणि राक्षसाला कुजबुजता येत नाही. सकाळी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकांनी फार हळुवारपणे विचारलं, "रात्री बरं नव्हतं का कुणाला?"

अशा वेळी मला ॲना लिबेराता डिसूझाचा हेवा वाटतो. ही मुंबईच्या गव्हर्नरच्या घरातली आया. १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर तिने गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रीअर हिला आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या आणि मेरीने त्या १८६८ मध्ये लंडनला छापून आणल्या. मुक्काम तंबूत, वर फ्लॅट नाही, फ्लॅटमध्ये ड्रिल नाही. तरी ॲनाची कुरकुर होतीच: माझ्या लहानपणी म्हाताऱ्या माणसांना गोष्टी सांगायची हौस होती, आता त्यांना नुसती पैसे मिळवायची आहे. हे दीडशे वर्षांपूर्वी!

माझ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पैशांची हौस नाही आणि गोष्टींचा साठा अफाट आहे. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. पण त्यांचा एक नियम आहे: दिवसा गोष्ट सांगायची नाही. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. आणि रात्री साडेआठला त्या झोपतात. म्हणजे तिन्हीसांजेचा दिवा लावल्यापासून वरण-भात होईपर्यंत जे काय मिळेल ते, आणि नेमका तेव्हाच आमच्या इमारतीत प्रत्येक घरी मिक्सर लागतो.

एका गुरुवारी मी हट्टच धरला. दुपारचे तीन वाजले होते, ब्रेकरवाले जेवून आडवे झाले होते. पडदे ओढून खोलीत अंधार केला आणि म्हटलं, "आई, झाली बघा रात्र." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी डोळे खाली घातले. पण गोष्ट सांगायचा मोह त्यांनाही आवरला नाही.

"एक होती म्हातारी," त्यांनी सुरुवात केली. मी मान डोलावली. "ती निघाली लेकीकडे." मी पुन्हा मान डोलावली. त्या थांबल्या.

"झोपलीस का गं?"

"नाही, ऐकतेय ना."

"मग हं म्हण की. हुंकार दिल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही."

माईकसमोर हं म्हणायचं नाही, हे मी मुलाकडून घोकून घेतलं होतं. ते त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग त्यालाच सांग हुंकार द्यायला," आणि माईककडे पाठ फिरवून बसल्या. शेवटी दर वाक्याला मी हं म्हणायचं आणि नंतर ते कापून टाकायचं, अशी तडजोड झाली.

म्हातारी वाघाला म्हणाली, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. इथे माझ्यातल्या अभ्यासकाला राहवलं नाही. मी मध्येच सांगितलं की फिनलंडच्या अँटी आर्ने यांनी १९१० मध्ये लोककथांच्या प्रकारांना क्रमांक दिले, पुढे इतरांनी ती यादी वाढवली आणि 'लठ्ठ होईपर्यंत थांब' या प्रकाराचा तिच्यात नंबर आहे १२२ एफ.

"म्हातारीला नंबर?" सासूबाई म्हणाल्या. "आधारसारखा?"

मी पुढे रेटलंच. हीच म्हातारी इराणात भोपळ्यात बसून गडगडत येते, बंगालमध्ये तिला दुधी मिळतो. "असेल," त्या म्हणाल्या. "लेकी सगळीकडेच लांब देतात." आणि भोपळा टुणुक टुणुक करत घरी आणून सोडला.

शेवटी मी सूत्रसंचालकाच्या आवाजात म्हटलं, "श्रोतेहो, चॅनेल सबस्क्राइब करायला विसरू नका." सासूबाईंनी हे काय म्हणून विचारलं. ऐकणाऱ्यांनी सोडून जाऊ नये म्हणून असं म्हणतात, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग सरळ म्हण ना, उतू नका, मातू नका, घेतला वसा टाकू नका." श्रावणातल्या कहाण्या हे कधीपासून म्हणताहेत आणि मला ते सुचू नये, याची लाज वाटली.

चार वाजता मामा यायचे होते. माझ्या नवऱ्याचे मामा, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर. दर गुरुवारी डोंबिवलीहून येतात, एक दिवस राहतात. साडेचार झाले, पाच झाले. फोन नुसता वाजतोय. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त पडद्याकडे पाहायच्या, मग माझ्याकडे.

पावणेसहाला मामा आले, घामाघूम. गाडीत डोळा लागला म्हणून उतरले भांडुपला. परत ठाण्याला आले ते पुलावरून बाहेर पडले कोपरीच्या बाजूला. पुन्हा उलटे आले, स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर चढले आणि एका जिन्याने उतरून दुसऱ्याने वर, असं दोनदा झालं. "चकवाच लागला गं अक्का," ते म्हणाले. "मग आपले अण्णा सांगायचे तसं केलं. एका जागी बसून राहिलो. चहा घेतला. मग तलावपाळी दिसली."

"हिनं दिवसा गोष्ट सांगायला लावली," सासूबाई म्हणाल्या. मामांनी माझ्याकडे पाहिलं. दुपारचं रेकॉर्डिंग मी त्यांच्यादेखत पुसून टाकलं.

त्या रात्री साडेआठला सासूबाई झोपल्या नाहीत. भाऊ पलंगावर, बहीण खुर्चीत, माईक दोघांच्या मधे उशीवर. शेजारी मिक्सर चालू होता, कुणाची तरी मालिका रडत होती, गाडी भोंगा देऊन गेली. मी काहीच थांबवलं नाही. सासूबाई सांगत होत्या आणि दर वाक्याला मामा जाड आवाजात हं म्हणत होते, कधी विचारात पडल्यासारखं, कधी घाबरून. म्हातारी लेकीकडून परत निघाली, तशी मामा उठूनच बसले.

"अक्का, भोपळा नाही. आई दुधी सांगायची."

"भोपळाच."

"दुधी! मला पक्कं आठवतंय."

यावर बारा मिनिटं वाद झाला. मधे आईच्या परसातल्या वेलांपासून कुणाच्या लग्नातल्या दुधी हलव्यापर्यंत सगळं निघालं. वाघ वाटेवरच ताटकळला आणि दोघंही झोपायला गेली. मुलाला ते पाठवलं तर त्याचा लगेच फोन, "हे हं हं कापू ना?" मी नको म्हटलं.

सकाळी चहाच्या वेळी सासूबाईंनी पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हं, तर वाघ तिला म्हणाला…"

मामा ताडकन उठले आणि पायात चपला सरकवू लागले. "थांब अक्का. मी डोंबिवलीला पोचलो की फोन करतो, मग सांग."