फूल ना फुलाची पाकळी : देणगी न मिळण्याची खात्रीशीर पद्धत

संस्थेसाठी पैसे मागायला निघालात की आधी चेहरा बदला. मान किंचित कलती, आवाज सर्दी झाल्यासारखा, आणि दारातच पहिलं वाक्य : "तुम्हाला जरा त्रास द्यायला आलोय." समोरच्याला तोवर काहीच त्रास झालेला नसतो. आता तो तयारीला लागतो.

बेळगाव भागात खानापूर-निपाणीपासून वडगाव-येळ्ळूरपर्यंत कुठल्याही वाचनालयाच्या किंवा अभ्यासिकेच्या कार्यकारिणीवर तुम्ही असाल, तर एवढं एक सूत्र सांभाळा : मागणं म्हणजे भीक. सौंदत्तीच्या यल्लम्माचा जोगवा मागणारी बाई परडी घेऊन दारोदार जाते आणि ताठ मानेनं उभी राहते, कारण ती देवीच्या नावानं मागते. तिकडे फार बघू नका. तुम्ही चाळीस मुलांसाठी मागत असलात तरी मागताना स्वतःच्या इभ्रतीचाच विचार करा. निम्मं काम तिथंच होतं.

दुसरं, हिशेब करू नका. समजा अभ्यासिकेचं भाडं महिना ६,०००, विजेचं बिल १,५००, सकाळी उघडून रात्री कुलूप लावणाऱ्याचा पगार ८,०००. वर्षाचे झाले १,८६,०००. मराठी, कन्नड, इंग्रजी पेपर आणि स्पर्धा परीक्षेची मासिकं यांचे ९,००० धरा. एकूण १,९५,०००. चाळीस मुलांनी भागलं की एका मुलाचं वर्ष ४,८७५ रुपयांना पडतं. हा आकडा तुमच्या हाती लागला तर पंचाईत आहे. मग उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फौंड्रीवाल्याला "दोन मुलांचं वर्ष तुमच्याकडं, ९,७५०" असं सरळ सांगता येतं. आकडा ऐकला की माणूस हो म्हणतो, नाही म्हणतो, किंवा "एकाचं करतो" म्हणतो. तिन्हीत काहीतरी ठरतं. त्यापेक्षा "फूल ना फुलाची पाकळी द्या" म्हणावं. पाकळीचा भाव कुणालाच ठाऊक नसतो. तो खिशात हात घालतो, हाताला लागते ती पाचशेची नोट देतो, आणि दोघंही सुटता.

अंताजी दामोदर काळ्यांना हे कळलं नव्हतं. माणशी एक पैसा, असा रोखठोक आकडा ठेवून ते महाराष्ट्रभर मागत हिंडले. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. पाकळी मागितली असती तर एवढी दगदग झाली नसती.

तरीही आकडा तोंडातून निसटलाच, तर पुढचे दहा सेकंद जपा. समोरचा गप्प झालेला असतो. टेबलावरचा पेन फिरवत असतो. मनात जीएसटीची तारीख, मुलाची फी, कामगारांचा पगार असा सगळा हिशेब चाललेला असतो. नकार द्यायचा असता तर एव्हाना देऊन झाला असता. नेमक्या याच वेळी तुम्ही बोलायचं : "नसेल जमत तर राहू दे हां मालक, सवडीनं बघा की." त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते, ती केवळ तुमच्यामुळे. तो म्हणतो, "बघूया की." बेळगावात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला या 'की'चा अर्थ सांगायला नको.

आता नकाराचं. नकार मनाला लावून घ्या. "आत्ता नाही", "एवढे नाही" आणि "यासाठी नाही" हे तीन वेगळे नकार आहेत, हे विसरा. ऊसवाला शेतकरी "बिल आलं नाही अजून" म्हणाला, तर तो टाळतोय असं गावभर सांगा. तो खरंच बिलाची वाट बघत असू शकतो, आणि वहीत तारीख टिपून बिल जमा झाल्यावर पुन्हा गेलं तर तो देऊही शकतो. पण वही ठेवली की पुन्हा जावं लागतं, म्हणून वही नको.

वेळ गणपतीच्या आधीच्या पंधरवड्याची गाठा. तोवर गल्लीतल्या पाच मंडळांनी देणाऱ्याला पिळून घेतलेलं असतं. ती पोरं बघण्यासारखी असतात. चार-पाच जण एकदम येतात, हातात मागच्या वर्षीची पावती असते. "काका, गेल्या साली ५०१ होते, यंदा १००१ लिहितो." मग सगळे गप्प. पेन पावतीवर टेकलेलं. गेल्या वर्षीचा पुरावा, यंदाचा आकडा, आणि शांतता. पैसे मिळाले की जागच्या जागी पावती. कुठलं प्रशिक्षण घेतलेलं नाही, लाज तर मुळीच नाही. अशा मुलांना कार्यकारिणीत घेऊ नये. घेतलंत तर तुमच्या भिडस्तपणाचं काय होईल?

पावतीवरून आठवलं. संस्थेला ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता, असेल तर पावती उशिरा द्या आणि पॅन विचारायला विसरा. पॅन विचारणं म्हणजे संशय घेतल्यासारखं, नाही का? मग ३१ मेपर्यंत आयकर खात्याला देणगीदारांचं विवरण भरताना रकाने रिकामे राहतात, देणगीदाराला प्रमाणपत्र मिळत नाही, त्याची वजावट अडते आणि पुढच्या वर्षी तो फोन उचलत नाही. विवरणच उशिरा भरलंत तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क संस्थेच्या बोडक्यावर. रोखीनं २,०००च्या वर घेतलंत तर त्या रकमेवर वजावट नाहीच, हे त्याला मार्चनंतर कळू द्या. आणि नव्या करप्रणालीतल्या माणसालाही "टॅक्स वाचतो की" सांगत राहा. त्याचा वाचत नाही. तो ज्या कारणासाठी देणार होता, ते कारण मात्र तुमच्या बोलण्यात आलेलंच नसतं.

दुबईतल्या भाच्याचे पैसे कायद्याच्या धास्तीनं परत पाठवा, आणि अमेरिकेतल्या काकांचे बिनधास्त घ्या. भाच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गानं त्यानं पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. काका अमेरिकेचे नागरिक झालेत, त्यांचे ठरतात, आणि परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय ते घेता येत नाहीत. पासपोर्ट कुठला, एवढा एकच प्रश्न विचारायचा असतो. पण तोही मागण्यासारखाच अवघड.

एवढं करूनही पैसे यायला लागले, तर शेवटचा उपाय सीमाप्रश्न. "कर्नाटक आपल्याला मराठी म्हणून देत नाही, महाराष्ट्र आपण कर्नाटकात म्हणून देत नाही, आता सामान्य माणसाकडं काय मागायचं?" हे वाक्य प्रत्येक सभेत चालतं. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेपर्यंत देणगी मागायची नाही, असा ठराव केलात तरी कुणी विरोध करणार नाही.

सभा संध्याकाळी सात वाजता ठेवा. विषयपत्रिकेत निधीचा विषय शेवटी, म्हणजे चहा आणि कुंदा आल्यावर. "मागणार कोण?" या प्रश्नावर सगळे अध्यक्षांकडं बघतात, अध्यक्ष पंख्याकडं. तेवढ्यात दारात चप्पल काढल्याचा आवाज येतो आणि मंडळाची पोरं आत येतात.

"काका, तुमचं गेल्या साली ५०१ होतं."

अध्यक्ष पाकीट काढतात. खजिनदार काढतात. चिटणीसांकडं सुट्टे नसतात, तर ते उसने घेतात. दहा मिनिटांत सात पावत्या फाटतात आणि पोरं कुंद्याचा एकेक तुकडा उचलून जातात. चिटणीस इतिवृत्तात लिहितात : निधीचा विषय पुढील सभेत घ्यावा.