काका, ते खेळणं नाही!

सिंहगड रोडच्या लॉनवर परवा पुन्हा तेच. नवरदेवाचे काका, पांढरा शर्ट, गळ्यात साखळदंडाएवढी चेन आणि कमरेला परवान्याचं पिस्तूल. हळदीच्या मटणाला पिस्तूल कशाला हो? बोकड तर सकाळीच कापला!

डीजे तापला की ते बाहेर येणारच. फोटोसाठी आधी पुतण्याच्या हातात, मग मेव्हण्याच्या. "काका, पोरं आहेत आजूबाजूला." "काही होत नाही रे, मॅगझिन काढलंय!" मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी काढलीत, पण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत आधीच चढलेली गोळी? ती काय मानपान घेऊन घरी गेली? आणि वर झाडलेली गोळी जाते कुठे? ढगात मुक्काम करते? येणार ती कुणाच्या तरी गच्चीवरच ना!

२०१९ मध्ये कायदा बदलला. असल्या जल्लोषात गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. (काकांना १ लाख म्हणजे डीजेचं बिल.)

आणि आक्रीत घडलं की ठरलेलं वाक्य, "चुकून सुटली." सुटायला ती काय पीएमपीची बस आहे? ट्रिगरवर बोट कुणाचं होतं?