खुलासा : स्वरतंतूंच्या ऑपरेशनने आवाज कायमचा जातो, हे खरं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतोय : 'स्वरतंतूंचं ऑपरेशन केलं की आवाज कायमचा जातो, आठ दिवसांत कळतंच.' तो चुकीचा आहे, आणि त्यापायी लोक उपचार टाळताहेत याचं वाईट वाटतं.

कॅन्सरमध्ये संपूर्ण स्वरयंत्र काढावं लागलं तर नैसर्गिक आवाज जातो. स्वरतंतूंवरचा पॉलिप (कॅन्सर नसलेली मऊ वाढ) दुर्बिणीतून काढणं ही वेगळी शस्त्रक्रिया. धोका त्यातही असतो, व्रण राहिला तर घोगरेपणा उरतो. पण बहुतेकांचा आवाज सुधारतो. गाणाऱ्यांना, शिक्षकांना होणाऱ्या गाठींवर तर आधी स्वरोपचारच (आवाज नीट वापरायचे व्यायाम) करतात.

आठव्या दिवशी निकाल लावू नका. तेव्हा सूज असते, ऑपरेशननंतर पाळायला सांगितलेलं मौन नुकतं सुटलेलं असतं. खरी तुलना काही आठवड्यांनी, ऑपरेशनपूर्वी ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजाशी होते. तीच खोली, माइक तेवढ्याच अंतरावर, तोच लांब 'आ'. एका श्वासात तो किती टिकतो? निरोगी प्रौढांत साधारण 15 ते 25 सेकंद. संगणक कंपनांतली अनियमितता मोजतो, तज्ज्ञ कानाने घोगरेपणाला 0 ते 3 गुण देतात. शिवाय 30 प्रश्नांची, 120 गुणांची प्रश्नावली असते. आवाजामुळे रोजचं काय अडतं ते रुग्ण स्वतः सांगतो. घरी मराठी बोलणाऱ्या आजींना ती मराठीतूनच विचारली जावी, असा आग्रह जरूर धरा.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्या. तंबाखू खाणाऱ्यांनी तर तपासणीला उशीर करूच नये.